घर धाकट्याच्या नावावर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय कवळ्या तयार करणे, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा लाडीगोडीने नव्हे तर आपखुशीने, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. मला कंपवात आहे. तो हातात आहे, डोक्यात नाही. तसा दाखला व्यसनमुक्ती केंद्राच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझी सही वाकडी दिसली तर ती खोटी समजू नये. सरळ दिसली तर मात्र चौकशी करावी.

शब्द माझे आहेत, टाइप वकीलबाईंनी केले आहेत. मृत्युपत्रात एवढे सगळे सांगायची गरज नसते, असे त्यांनी मला दोनदा बजावले. त्यांची फी मी देत असल्यामुळे सगळे सांगितले आहे.

१. माझे लग्न झालेले नाही. आईवडील हयात नाहीत. आम्ही तीन भावंडे: मी थोरली, माझ्या पाठची बहीण, जिला सगळे मधली म्हणतात, आणि धाकटा. धाकटा साठीला टेकला तरी धाकटाच आहे. तो झाला तेव्हा मी शाळेत होते आणि आई दिवसभर कामावर, त्यामुळे तो माझ्या कडेवर वाढला.

२. राहते घर, पुढच्या कामाच्या खोलीसह, माझ्या स्वकमाईचे आहे. त्यावर कोणाचा बोजा नाही. हे घर मी धाकट्याच्या नावे, पूर्ण मालकी हक्काने, कोणतीही अट न घालता देत आहे. हे वाचून जे दचकतील त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे.

३. धाकटा जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. हाताचा हुशार. सुट्टीवर आला की गल्लीतल्या बंद पडलेल्या वस्तू आमच्या दारात रांग लावत. एका सफरीत तो लोखंडी जिन्यावरून पडला. जहाज कोणाच्या कंबरेसाठी थांबत नाही, म्हणून त्याला गोळ्या देऊन उभे केले. कंबर बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा एका बंदरावर कोणीतरी पावडर दिली. पुढे तोच माणूस म्हणाला, एवढे पुडके पुढच्या बंदरात पोचव, तुझी सोय होत राहील. ते पुडके त्याच्या गादीत सापडले.

परक्या देशात त्याला शिक्षा झाली. मला एकदाच भेटायला जाता आले. मध्ये जाड काच आणि बोलायला फोन. पहारेकऱ्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला येत नव्हती, तरी माझे सुजलेले पाय बघून त्याने खुर्ची पुढे सरकवली.

धाकटा म्हणाला, "ताई, इथे सगळ्या जगातली माणसं आहेत. कुणाच्या शेतात ते पीक होतं, कुणी पोटात लपवून नेत होतं. एक म्हातारा तर नातवाच्या बाहुलीत माल सापडला म्हणून आलाय."

"आणि ज्याचा माल होता तो?"

"तो अजून कुणाला दिसला नाही," असे म्हणून तो हसला आणि हसताना तोंडावर हात धरला. समोरचे दात गेले होते. परतीच्या विमानात मी जेवले नाही. घास घ्यायला तोंड उघडवेना.

४. शिक्षा संपवून तो घरी आला आणि काही महिने बरे गेले. आमच्या नाक्यावर मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. त्याच्या मालकाला गल्लीत गोडबोल्या म्हणतात. त्याच्याकडे बिघडलेले मोबाइल कमी येतात, बिघडणारी पोरे जास्त. "घरी परत आलास, ही माझ्याकडून," असे म्हणून त्याने धाकट्याला पहिली पुडी फुकट दिली.

त्यानंतर घरातला पंखा गेला. नळ गेला, तो सकाळी मी तोंड धुवायला गेले तेव्हा कळले. माझी पॉलिशची मोटर गेली. शेवटी माझ्या कपाटात मधलीने विश्वासाने ठेवलेल्या आईच्या बांगड्या गेल्या. त्या मधलीच्या मुलीला द्यायच्या होत्या. मधलीने रिकामी डबी पाहिली. ती भांडली असती तर बरे झाले असते. "हा आहे तोवर मी इथे येणार नाही," एवढेच म्हणाली, चपला घातल्या आणि गेली. माझ्या घरी येणे तिने बंद केले. मग मीच तिच्याकडे जात असे. धाकट्याचे नाव आमच्या बोलण्यात येत नसे. दोघी त्याला वळसा घालून बोलायचो, रस्त्यातल्या खड्ड्याला घालतात तसा.

मधलीचे चुकले असे मी म्हणत नाही. माझ्या हातातल्या दोन्ही बांगड्या मी भाचीला देत आहे. त्या आईच्या नाहीत. आईच्या परत आणता येत नाहीत, हे भाचीने समजून घ्यावे.

५. केंद्रात मी धाकट्याला दोन वेळा नेले, दोन्ही वेळा तो पळाला. त्याला समजावून माझ्या दाताच्या कण्या झाल्या. मग मी समजावणे सोडले, फक्त दोन वेळचे ताट वाढत राहिले. एक दिवस जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, मी जाऊन येतो." मला वाटले, नाक्यावर. तो चालत केंद्रात गेला होता.

डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितले, "बाई, ही सर्दी नाही, एकदा गेली की गेली. मधुमेहासारखं समजा. रोज सांभाळायचं. आणि कधी साखर वाढली तर घाबरून त्याला टाकून द्यायचं नाही."

आत असताना धाकट्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "मला दात कर."

दाताचे डॉक्टर मापे पाठवतात, मी कवळ्या करते. ज्यांच्यासाठी केल्या त्यांची तोंडे मी जन्मात पाहिलेली नाहीत. याचे तोंड मला ठाऊक होते. याचा पहिला दात हिरडीतून वर आला तो माझ्या बोटाला लागला होता. मी प्लास्टरचा साचा ओतला, मेणात एकेक दात बसवला, काढला, पुन्हा बसवला. इतकी घासाघीस मी कोणत्याही कवळीवर केलेली नाही. बसवून झाल्यावर त्याला आरसा दिला. तो बराच वेळ बघत राहिला.

"जरा जास्तच पांढरे झालेत गं."

"राहू देत. वयाला शोभतील असे केले असते तर रडला असतास."

तो हसला, आणि या खेपेला हात खालीच राहिला.

घरी आल्यावर तो माझ्या शेजारी बसू लागला. आधी नुसते पॉलिश, मग मेण, मग सगळेच. माझा हात थरथरू लागला तेव्हा कामाची खोली बंद पडली नाही, ती त्याच्यामुळे. या खोलीतली सर्व हत्यारे, मोटर, साचे आणि माझी खुर्ची त्याचीच आहेत. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, तो त्याने आतातरी दुरुस्त करावा.

६. गोडबोल्याला मी काही देणे लागत नाही. तरीही, धाकटा केंद्रात असताना मी त्याच्या तोंडाचा जो साचा घेतला, ज्यात हिरड्या आणि चार झिजलेली खुंटे दिसतात, तो माझ्या पश्चात या गोडबोल्याला द्यावा. गिऱ्हाईक असताना काउंटरवर ठेवावा आणि कशाचा आहे ते नीट सांगावे. या जगात माझा कोणावर दात असेल तर त्याच्यावर आहे, म्हणून देणगीही त्याच जातीची.

७. मधलीचे दात काढायची वेळ आली तेव्हा तिचा फोन आला. "कवळी तूच कर. दुसऱ्याच्या हातची मी तोंडात घालणार नाही." माझ्या हाताने तोवर मेणाचा तुकडाही धरवत नव्हता. ती कवळी धाकट्याने केली. तिच्या लग्नातला फोटो त्याने पुढ्यात ठेवला होता, समोरचा एक दात किंचित तिरपा होता तो तसाच तिरपा बसवला. "तिला सांगू नकोस," म्हणाला.

बरेच दिवस मी सांगितले नाही. मग एकदा तिच्या स्वयंपाकघरात ती सफरचंद खात बसली असताना सांगून टाकले. तिचे तोंड चालायचे थांबले. आता ही कवळी काढून माझ्यापुढे ठेवते, असे मला वाटले. ती खिडकीकडे बघत राहिली आणि मग पुन्हा चावू लागली.

"मागची बाजू चांगली बसलीय," म्हणाली.

८. बँकेतल्या ठेवीतून माझ्या अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरेल ती रक्कम केंद्राकडे द्यावी. तिथून बाहेर पडणाऱ्या ज्या माणसाला दात नसतील त्याला ते करून द्यावेत. साहित्य या रकमेतून, हात धाकट्याचे. रोख त्याला देऊ नये. हे त्याचेच म्हणणे आहे.

घराबद्दलही तो नकोच म्हणत होता. "माझ्या नावावर करू नकोस, ताई. मला माझा भरवसा नाही." वकीलबाई म्हणाल्या, घर बहिणीच्या नावे करा, भावाला राहायचा हक्क ठेवा, म्हणजे विकता येणार नाही. मला ते पटले. मधलीला तसे विचारले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः आली. कामाच्या खोलीत धाकटा मोटरवर होता. त्याने मोटर बंद केली आणि उठून उभा राहिला, मास्तर वर्गात आल्यासारखा.

मधली माझ्याकडे बघून बोलू लागली. "म्हणजे याने जन्मभर माझ्या दयेवर राहायचं आणि मी याच्यावर पाळत ठेवायची? मला या वयात वॉचमन करू नकोस. याच्या नावावर कर."

धाकटा म्हणाला, "आणि मी विकलं तर?"

"विकलंस तर माझ्याकडे राहायला येऊ नकोस." मग तिने त्याच्याकडे बघितले. "जेवायला ये."

धाकटा पाणी आणायला आत गेला तो लवकर बाहेर आला नाही. मधलीने मोटरवरची कवळी उचलली, उजेडात धरून पाहिली आणि जागेवर ठेवली.

९. धाकट्याचे सध्या बरे चालले आहे. पुढे तो पुन्हा घसरला, तर त्या कारणाने हे मृत्युपत्र रद्द होणार नाही. कोणी त्याला घराबाहेर काढू नये, कुलूप बदलू नये, किंवा मी हे वेडाच्या भरात लिहिले असे कोर्टात सांगू नये. त्याला केंद्रात पोचवावे. तो परत आला की घर त्याचेच आहे.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई करतील. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे त्यांनी सर्वांसमोर वाचून दाखवले. त्यावर मधली म्हणाली, "मग माझीच सही घ्या."

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, मी तो ऐकला, एका जागी हसले, दोन जागी शब्द बदलून घेतले, आणि तो बरोबर असल्याबद्दल साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: राहते घर, कामाची खोली
दिनांक: चार मार्च

लिहून देणार: थोरली (सही, वाकडी)

साक्षीदार पहिले: व्यसनमुक्ती केंद्राचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरी: मधली, लिहून देणारीची व घर घेणाऱ्याची सख्खी बहीण. हिस्सा: नाही. हरकत: नाही. (सही)