वाघोबापुढे उतरायचं

१४ नोव्हें. २००४
परत आले मुंबईचे सायकलवाले. सायकली जीपच्या टपावर बांधून पठारावर चढवायच्या आणि आमच्या पायवाटेने स्वतःला खाली सोडून द्यायचं. चढायचे कष्ट नकोत, नुसतं उतरायचं. याला म्हणे खेळ.
मी मोळी घेऊन वर येत होते. समोरून एक लाल टोपडंवाला, म्हणजे हेल्मेटवाला, सुसाट. "साइड, आंटी, साइड!" मी करवंदीच्या जाळीत, मोळी खाली, दंडभर काटे. मेला थांबलाही नाही. आंटी! एकतीस वर्षांची आहे मी.
वर वाघोबासमोरूनही तसेच बसून गेले. आमच्याकडे त्या शेंदराच्या दगडापुढे नवरदेवसुद्धा खाली उतरतो. सायकल हातात धरायची, चार पावलं चालायचं, मग टांग मारायची. हे कोण लागून गेले?

२१ नोव्हें.
सकाळी वाटेत बोरीच्या काट्या पसरल्या. ह्यांनी दूध घालायला जाताना उचलून बाजूला टाकल्या. नवराच फितूर.
"माज्या टायरात घुसल्या असत्या म्हंजे?"
खरंय म्हणा. दुधाचा टेम्पो चुकू नये म्हणून किटल्या लटकवून हे रोज त्याच उतारावरून काळी सायकल खाली घालतात. ब्रेक लागेनासा झाला की चप्पल मागच्या टायरला घासायची. दूध सांडत नाही कधी. त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

५ डिसें.
हद्द झाली. नीलेश म्हणून त्यांचा म्होरक्या आहे, चष्मेवाला. तो आमच्याच ओट्यावर बसून चहा पीत होता. सांगतो काय, हा खेळ अमेरिकेतल्या पोरांनी सुरू केला. जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडायचे. ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळायचं, दर खेपेला नवं भरावं लागायचं. मग गियर आले, पुढे स्प्रिंगा आल्या, शर्यती आल्या, ऑलिंपिकपर्यंत गेलं. हे आ वासून ऐकत होते.
मी म्हटलं, "आमच्या ह्यांच्या चपला जळतात. त्याला कुठलं ऑलिंपिक?"
नीलेश हसला. मला हसवायचं नव्हतं.
मग ह्यांना एक खेप मारायला दिली त्यांची सायकल. हे सगळ्यांच्या आधी खाली. आता जानेवारीतल्या शर्यतीत ह्यांचंही नाव घातलंय. मला विचारलं कोणी?

१९ डिसें.
भांडण.
"मान मोडली म्हंजे?"
"दूध घालताना नाय मोडत ती?"
सासूबाई लेकाकडून. "जाऊ दे गो, एक नाद हाय त्याला." नाद ह्यांचा, शेण मी काढायचं. बोलणं बंद.

९ जाने. २००५
कळलं की लाल टोपडंवालाही शर्यतीत आहे. मग मीच तोंड उघडलं. "जाताय तर जा. पण त्याला हरवा. बाकी कोणी पुढे गेला तरी चालंल."
हे गालात हसले. सा.बा.ना वेगळीच काळजी. "वाघोबाशी उतरशील ना रे?"
"उतरीन ना, आये."
मला वाटलं, म्हाताऱ्या जिवाला बरं वाटावं म्हणून म्हणतायत.

२३ जाने.
आज शर्यत झाली.
अख्खा पाडा वाघोबाच्या वळणावर. वरून धूळ दिसली, पुढे हे! मागे चिकटून लाल टोपडं. माझा ऊर भरून आला. आणि ह्यांनी ब्रेक दाबला.
मी ओरडले, "उतरू नका! जावा तसेच!"
देवापुढे. सासूपुढे. सगळ्या पाड्यापुढे. दोन महिने मीच बोंबलत होते, शहरवाले देव मानत नाहीत म्हणून.
हे उतरले. सायकल हातात धरून चालले, घाई नाही काही नाही. तो मेला बाजूने बसून गेला. पुढे ह्यांनी खूप रेटलं, पण दुसरे आले.
पाडा ह्यांना खांद्यावर घेऊन नाचला. मी घरी येऊन रडले. रागाने. कोणावरच्या, विचारू नका.

२५ जाने.
सा.बा. म्हणाल्या, "नारळ फोड वाघोबाला, माफी माग." नारळ नेला. माफी तोंडातून निघेना. निघालं ते असं: एक तर सगळ्यांना उतरव, नाहीतर ह्यांना तरी बसून जाऊ दे.
नारळ नासका निघाला.
सा.बा. म्हणतात, देव कोपला. हे म्हणतात, "येडे, नासका निघाला म्हंजे मागणं पावलं." आणि विचारतात, काय मागितलंस?
सांगितलेलं नाही अजून.