स्वराजचं दूध आणि मोरीची पारडी

प्रिय अमिता,

सगळ्यात आधी हे लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. स्वराज बरा आहे. खेळतो, पोटभर झोपतो, कोंबड्यांमागे धावतो. दूध मात्र अजून पीत नाही. तू रविवारी फोनवर म्हणालीस, त्याने असंच चालवलं तर नर्सिंगचा कोर्स सोडून परत येते. ते ठरवण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. आधी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, खाडाखोड केली, आता नीट उतरवतोय. गणू शिमग्याची रजा संपवून उद्या मुंबईला निघेल, त्याच्या हाती देतो.

काय काय करून पाहिलं ते सांगतो. दुधात साखर घातली, गूळ घातला, हळद घातली. नाचणीच्या सत्त्वात दूध लपवलं, तर चमचा ओठाला लागायच्या आतच मान फिरवली. मला वाटलं, भांड्याचा दोष असेल. म्हणून तुझ्या पेल्यातून दिलं, आयेच्या पितळी वाटीतून दिलं, शेवटी पोलादपूरहून हत्तीचं चित्र असलेला कप आणला. कप त्याला फार आवडला. त्यात तो खडे भरतो.

मग साडीचा प्रयोग केला. हे फोनवर सांगायची लाज वाटली होती. मोरी तुझ्या हाताची म्हस. तू गेल्यावर ती पान्हाच सोडेना, तेव्हा आयेने तुझी जुनी हिरवी साडी माझ्या अंगाला गुंडाळून मला धार काढायला बसवलं. मोरीने एकदा मान वळवून हुंगलं आणि दूध दिलं. म्हटलं, म्हस फसते तर पोरगा का नाही फसणार? एका सांजेला तीच साडी डोक्यावरून घेऊन मी स्वराजपुढे पेला धरून बसलो. आये हसून हसून भिंतीला टेकली. तोही हसला, माझा पदर ओढला, आणि मग माझ्या पाठीमागे दाराकडे बघत राहिला. बराच वेळ बघत होता. हे लिहू की नको असं झालं होतं, पण तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय. साडी घडी करून पेटीत ठेवली आहे. मोरीला आता माझी सवय झाली.

वाडीत कुजबुज सुरू झाली, ती तुझ्या कानावर आलीच असेल. रखमाकाकी पाणी भरताना म्हणाली, म्हशीवाल्यांच्या घरात पोर दूध पीत नाही हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं, आय शहरात गेली की पोरं च्या-बिस्किटावर पडतात. त्या दिवसापासून रोज दिवा लावताना आये म्हणू लागली, "आय आली की पिईल."

शेवटी त्याला महाडला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. त्या दिवशी चवदार तळ्यावर जाणाऱ्यांनी गाड्या भरून चालल्या होत्या, पोराला घेऊन पाय ठेवायला जागा मिळेना. म्हणून पोलादपुरातच नव्या डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी वजन केलं, पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि तो काय काय खातो ते विचारलं. मी सांगितलं, ताक वाटी तोंडाला लावून पितो, दही चाटून खातो, भाकरीला लोणी लागतं, अंडं आवडतं. बाई म्हणाल्या, मग काळजी कसली करता, वजन चांगलं आहे, दुधाने मिळायचं ते त्याला यातून मिळतंय. त्याच्यामागे पेला घेऊन धावू नका, समोर ठेवा, नाही प्यायला तर उचला. मग अंगावरचं दूध कसं तोडलं तेही विचारलं. आयेने सांगितलं, कोरफड लावून, आय मुंबईला जायच्या आधी. बाई नुसत्या "हं" म्हणाल्या आणि त्यांनी स्वराजच्या गालाला हात लावला.

आये खूश झाली, पण माझं समाधान होईना. ताक पितो, मग दूध का नाही? दोन्ही पांढरं, दोन्ही मोरीचंच. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, एखादी गोष्ट जुळली नाही की मला झोप लागत नाही. मग मी त्याला काही पाजायचं सोडून दिलं आणि नुसता त्याच्याकडे बघायला लागलो.

सोमवारी सकाळी गोठ्याचं कूड बांधत होतो. मोरीची पारडी दुधावरून तोडायचं काम तू गेल्यापासून चालू आहे. मोरीबरोबर चरायला सोडली की ती रानातच सगळं दूध ओढून टाकते, म्हणून आये रोज सकाळी मोरीच्या सडांना शेण फासते. त्या दिवशीही फासलं. पारडी धावत आली, तोंड घातलं आणि मागे सरली. मान डावीकडे फिरवली, वरचा ओठ उचलला, नाकातून फुर्र केलं. आयेच्या कडेवर बसून स्वराज हे बघत होता. त्यानेही मान डावीकडे फिरवली, ओठ उचलला आणि फुर्र केलं.

माझ्या हातातला दोर तसाच राहिला. हेच तोंड तो मला रोज सांजेला पेल्यासमोर करून दाखवत होता, आणि मी त्यात साखर घालत होतो. शेण लावताना तो रोज बघतो. सड धुवायच्या वेळी मात्र तो आयेबरोबर चुलीपाशी असतो किंवा झोपलेला असतो. म्हणजे दूध कुठून येतं ते त्याने पाहिलंय, आणि तिथे शेण असतं एवढंच त्याला माहीत. ताक रवीतून येतं, म्हणून चालतं. त्यातून कोरफडीने त्याला स्वतःलाही कडू लागलं होतंच. दोन्ही गोष्टी त्याने जुळवल्या असतील, असं मला वाटतं. खरं काय ते त्यालाच ठाऊक.

त्या सांजेला त्याला मुद्दाम गोठ्यात नेलं. आयेने त्याच्यासमोर कोमट पाण्याने सड धुतले, फडक्याने पुसले आणि एक धार स्वतःच्या तोंडात घेतली. त्याने वाकून पाहिलं. सडाला बोट लावलं, बोट हुंगलं, परत हुंगलं. मला वाटलं, आता तोंडात घालणार. त्याने ते बोट पारडीच्या तोंडात घातलं. ती चोखायला लागली आणि हा असा खदखदून हसला की मोरीसुद्धा वळून बघायला लागली. तेव्हापासून रोज आम्ही दिलेला पेला तो दोन्ही हातांनी धरून, अर्धा सांडत, पारडीला नेऊन पाजतो. स्वतः थेंब घेत नाही. आणि आये त्याला नेऊ देते. पेला खरकटा राहिला तरी पाणी घालून पिणारी आपली आये.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. पहिल्या दिवशी पारडीने पेला संपवला, तेव्हा आये शेणाच्या पाटीशेजारी बसून राहिली होती. मग म्हणाली, "पारडीला म्या शेण लावून तोडली, ह्याला कोरफड लावून. ती बिचारी दुसऱ्या दिशी पुन्हा म्हशीपाशी येती. ह्यो रागावला आसंल तर माझ्यावर रागावू दे, आयवर नको. तिला लिही, माझ्या नावानं लिही, येऊ नको. परीक्षा देऊन ये म्हनावं." म्हणून लिहिलं, तिच्या नावाने. आता माझ्या नावाने लिहितो. रविवारी तू फोनवर विचारलंस, "मी येऊ का?" मी काहीच बोललो नाही, आणि तू फोन ठेवलास. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तू 'ये' असाच घेतला असशील, कारण तो तसाच होता. दूध हे निमित्त बरं होतं. पण पोराचं निमित्त करून तुला बोलवायचं नाही मला. सामान बांधलं असशील तर सोड. परीक्षा दे. मग घरी ये. तोवर तो दूध पीत असेल किंवा नसेल, मी महाडच्या स्टँडवर त्याला घेऊन उभा असेन.

तुझाच,
सुनील