डीकोडमधली ती ओळ

सोमवार, ९ जून

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे कळल्यावर तुम्ही हे टेबलावर टाकून आधी दुसरी कामं उरकाल, हे मला माहीत आहे. उरका, पण नंतर वाचा. तुम्ही फोन घेत नाही, म्हणून कागद हातात घेतला.

इकडे सगळं ठीक आहे. आईंचा गुडघा कुरकुरतो. जिना चढताना पायरीगणिक एकेका नातेवाइकाचा उद्धार चालतो, तिसऱ्या मजल्यापर्यंत अख्खं घराणं आटोपतं. तुमचा भाऊ यंदाही मुख्याध्यापक होता होता राहिला. त्याचं खापर तो आपल्या अक्षरावर फोडतो. मी बरी आहे. वजन जरा उतरलंय. कुणी विचारलं तर चालायला जाते म्हणून सांगते.

तुमचा सिम्युलेटर अजून चालतो. ऑफिसात आजही त्याला ‘मॅडमचं यंत्र’च म्हणतात, आणि मलाही तिथे तुम्हाला वन्सं म्हणायची कधी हिंमत झाली नाही. दोन महिन्यांपासून तो उसवून नव्याने शिवायचं काम माझ्याकडे आलंय. नवे साहेब विक्री विभागातून आलेत. प्रोसेसर त्यांना कळावा म्हणून मी पाच टेबलांची कचेरी सांगितली: पहिलं टेबल हुकूम आणतं, दुसरं म्हणजे डीकोड तो वाचून लागणारे आकडे गोळा करतं, तिसरं गणित करतं, चौथं मेमरीतून आणतं-ठेवतं, पाचवं निकाल लिहितं. घड्याळाचा ठोका पडला की कागद एक टेबल पुढे सरकतो. चिप बनवायला देण्याआधी ही कचेरी आपण प्रोग्राममध्ये चालवून बघतो, किती ठोके लागतात ते मोजतो.

“मग अडचण काय?” साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, “आपल्या कचेरीत प्रत्येक जण शेजाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये हात घालतो. एकाने ड्रॉवर आवरला की बाकी चौघं बोंबलतात.” त्यांना ते पटलं. त्यांच्या जुन्या विभागातही तसंच होतं म्हणे.

तर आता मी दोन-दोन टेबलांच्या मध्ये एकेक पेटी ठेवली आहे. द्यायचं ते पेटीत टाकायचं, घ्यायचं ते पेटीतून, तेही ठोका पडल्यावरच. ड्रॉवरना कुलपं. शेजाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये घातलेले असे अठ्ठेचाळीस हात मी मोजले होते, सत्तेचाळीस बाहेर काढले. एक राहिलाय, डीकोडमधला. तो काढला की साठांपैकी एकोणीस चाचण्या जुन्या आकड्यांशी जुळत नाहीत, जास्त ठोके घेतात.

आमच्याकडे चाचण्या घेणारी एक मुलगी आहे. तिला सगळे टाचणी म्हणतात, अंगाने तशी आणि स्वभावानेही. तिने ते नवे आकडे सात वर्षांपूर्वीच्या खऱ्या चिपच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले, तर ठोक्याला ठोका जुळले. ती नाचतच माझ्याकडे आली. “जुन्या मॅडमची चूक सापडली. ती चिप मंद का निघाली ते आत्ता कळलं. कुठली ओळ कुणाची त्या नोंदीत त्यांचंच नाव आहे.” १९ तारखेच्या रिव्ह्यूत ती हे मांडणार आहे.

सोबत प्रोग्राममधलं ते पान छापून पाठवते. तो हात आत घालणारी ओळ तुम्हाला आठवते का? सहज विचारते आहे.

तुमची,
भावजय

*

मंगळवार, १७ जून

प्रिय ताई,

नमस्कार. पान परत मिळालं. पाकिटात दुसरं काही आहे का म्हणून मी ते उलटं करून झटकलं. काही नव्हतं.

तुमचं लाल पेन अजून तेच आहे. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची बारीक खूण, आणि त्या एका ओळीपुढे खूण नाही. तिच्याखाली सात शब्द: “ही कुणी लिहिली ते तुला माहीत आहे.”

मी ते पान भाजीच्या पिशवीत घालून घरी आणलं. का, ते विचारू नका. तेव्हापासून गॅस बंद केलाय का हे तीन-तीनदा बघते आहे आणि ऑफिसात त्याच एकोणीस चाचण्या पुन्हा पुन्हा चालवते आहे, जणू एखाद्या वेळी आकडे माझी दया येऊन बदलतील.

मागच्या पत्रात ‘सहज विचारते’ असं लिहिलं. सहज काही नव्हतं. आठवत नाही असं तुम्ही लिहावंत, म्हणजे मलाही न आठवण्याची मुभा मिळेल, असं मनात होतं.

ती ओळ मी लिहिली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सकाळी ग्राहक खाली येऊन बसले होते आणि चाचणी अडकली होती. डीकोड मेमरीची वाट बघत होतं आणि मेमरी डीकोडची. “मी यांना बोलण्यात गुंतवते, तू बघ,” असं म्हणून तुम्ही खाली गेलात. मी तुमच्या खुर्चीत बसले. खोलीत वेगवान यंत्र एकच होतं आणि आपण सगळे तुमच्याच लॉगिनवर काम करायचो. मेमरीतून येणारा आकडा लगेच पुढच्या हुकुमाला हवा असेल तर त्या हुकुमाने एक ठोका थांबायला हवं. मी ते थांबणं काढून टाकलं. डीकोडने सरळ मेमरीच्या ड्रॉवरमध्ये हात घालायचा आणि ठोक्याआधीच आकडा उचलायचा. खऱ्या चिपमध्ये हे होऊच शकत नाही, हे तेव्हाही मला कळत होतं. दुपारी काढून टाकू म्हटलं.

दुपारी ग्राहक खूश होऊन उठले. एवढी वेगवान चिप त्यांनी पाहिली नव्हती. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. त्यानंतर ती ओळ काढायची तर ते आकडेही खाली आणावे लागले असते. आज काढते, उद्या काढते करत राहिले. मग तुम्ही मला तुमच्या भावाच्या गळ्यात बांधलंत आणि लग्नाच्या गडबडीत मी स्वतःला चक्क विसरू दिलं.

चिप बनून आली ती मंद निघाली. ग्राहक गेला, चौकशी बसली. “सिम्युलेटर माझा आहे,” एवढंच तुम्ही म्हणालात. मी तुमच्यापासून तिसऱ्या खुर्चीवर होते. वहीत चौकोन काढत होते.

आणि मग त्या रविवारी घरी जेवताना तुमचा भाऊ म्हणाला, “चूक झाली तर झाली म्हणायला तुझं काय जातं?” आई म्हणाल्या, “तिचं लहानपणापासून असंच आहे.” मी वाढत होते. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत, पानावरून उठलात आणि गेलात. त्याला सात वर्षं झाली. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का? माझ्या लग्नाला चारच महिने झाले होते. तेवढ्यासाठी गप्प राहिला असाल तर मी तुम्हाला काय म्हणू, मला सुचत नाही. मला फार लाज वाटते, ताई.

परवा रिव्ह्यू आहे. सुधारलेला सिम्युलेटर सगळ्या कॉलेजांना फुकट द्यायचं साहेबांनी ठरवलंय, सोबत जुन्या चुकांचं टिपण. तुमच्या कॉलेजातही तो येईल. इथलं काम सोडल्यापासून तुम्ही हाच विषय शिकवता. चूक आपल्या मॅडमची होती, हे तुमच्या वर्गातली मुलं वाचतील.

काय बोलायचं ते मी न्हाणीघरात नळ सोडून दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा ततपप झालं. नोकरीची भीती नाही असं नाही, पण खरी भीती घरची आहे. माझ्यामुळे तुमचा भाऊ सात वर्षं सख्ख्या बहिणीशी बोलला नाही, हे त्याला मीच सांगायचं आहे. बोलेन असं वचन मी देत नाही. माझ्या वचनांचं तुम्हाला माहीत आहे.

तुमची

*

शुक्रवार, २० जून

ताई,

रिव्ह्यू झाला. टाचणीने पडद्यावर ती ओळ दाखवली आणि खाली तुमचं नाव, ठळक अक्षरात. साहेबांनी विचारलं, “कुणाला काही बोलायचंय?”

मी “नाही” म्हटलं. बाकीचे नुसते गप्प होते, मी तोंडाने नाही म्हटलं.

पुढचा मुद्दा पार्किंगचा होता. कुणाची गाडी कुणाला आडवी येते, यावर दहा मिनिटं गेली. कुणीतरी जमिनीवर पट्टे आखण्याबद्दल बोलत असताना मी मध्येच म्हटलं, “ती ओळ माझी आहे.”

“पार्किंगची?” साहेब म्हणाले.

“डीकोडची.”

टाचणीला ते पटेना. “पण नोंदीत मॅडमचं नाव आहे.” मी म्हटलं, “नाव त्यांचं आहे, लिहिली मी. मॅडमच्या प्रत्येक ओळीवर ती कशासाठी आहे याचा शेरा असतो. या एका ओळीवर नाही, बघ.” तिने पान वर-खाली सरकवून पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मी हे दोन महिने शोधत होते, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात ना?”

मी हो म्हटलं. चौकशीत कुणी हे विचारलं असतं तर बरं झालं असतं.

साहेबांनी सगळं लेखी मागितलं, मी तिथेच बसून दिलं. टिपणातून तुमचं नाव निघालंय, ते मी स्वतः पाहिलं. शेवटचा हात टाचणी काढेल. माझं काय करायचं ते सोमवारी कळेल.

तुमच्या भावाला कालच संध्याकाळी सांगितलं. तो वह्या तपासत होता. मी सांगत गेले आणि तो ऐकत राहिला. मध्ये एकदाच पेनाला टोपण लावलं. शेवटी विचारलं, “तिला माहीत होतं?” मी तुमचं पान त्याच्यासमोर ठेवलं. ते सात शब्द वाचून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. आईंनी आतून दोनदा जेवायला हाक मारली.

तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. आज दुपारी शाळेतून आला आणि भिंतीकडे बघून म्हणाला, “शनिवारी ती घरी असते?” मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं.

तेव्हा उद्या तो तुमच्या दारात असेल. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे, पाकीट चिकटवलेलं नाही. त्याने वाटेत वाचलं तर वाचू दे. तो बोलायला वेळ लावेल, तुम्ही लावू नका. त्याच्यापाशी माझी बाजू मांडू नका. तुम्ही ती एकदा मांडलीत, गप्प राहून, आणि तेवढ्यावर मी सात वर्षं काढली.

दोन दिवसांसाठी जातो, असं त्याने आईंना सांगितलंय. पिशवीत पाच शर्ट आहेत. मी मोजले.

अजून तरी
तुमची भावजय