वरच्या मजल्यावरचा पाओलो

२४ ऑगस्ट, रविवार

हयवदन भावजी सकाळीच उगवले. एक कॉफी झाली, दुसरी मागितली, मग मुद्द्यावर आले — "वहिनी, वरच्या इटालियनाला काढा. माफिया असणार!" का, तर म्हणे छातीपर्यंत दाढी, कोणाला फोटो काढू देत नाही, आणि जयनगरात पाव भाजायला इटलीहून कोणी येतं का? म्हटलं, आपले पूर्वज साताऱ्याकडून इथे कानडी मुलखात कारकुनी करायला आलेच की. "अय्यो, ते वेगळं!"

पाओलोला मी काढणार नाही. हे गेल्यापासून वर पावलं वाजली की घर घरासारखं वाटतं. पण ते भावजींना कशाला सांगू!

२९ ऑगस्ट, शुक्रवार

वाचनालयातून इटलीतल्या टोळ्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं यांनी रद्दीवाल्याकडून आणलेल्या पुस्तकांवर, मांडीवर डिक्शनरी ठेवून. हे असते तर म्हणाले असते, "भाडेकरू मिळाल्यावर परीक्षेचा अभ्यास?"

काय एकेक लोक! माणूस मारायचा आणि रविवारी देवीच्या मिरवणुकीत खांदा द्यायचा. वर्षानुवर्षं फरार — आणि कुठे, तर स्वतःच्याच घराखाली खड्ड्यात! बायको वरून जेवण सोडते. एवढा मोठा गुंड, पण आमटी घरचीच पाहिजे. आमच्यातले बाप्ये काय वेगळे!

३० ऑगस्ट, शनिवार

डुकरांना माणूस घातल्याचं वाचलं. दुपारी जेवण गेलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पाओलो गरम पाव घेऊन खाली आला. पुस्तक टेबलावरच उघडं — पोलिसांकडे बोललेल्या बायकांचं प्रकरण. लपवायला हात पुढे केला, तोवर त्यानं वाचायला घेतलं होतं. उभ्यानंच वाचलं. मग खाली बसला, फरशीवरच.

"रोझा," म्हणाला. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, अडखळत. "ॲसिड. काही नाही उरलं. दातसुद्धा नाही. पुरायला काही नाही." आणि रडला. तोंड दाबून, खांदे हलवत. बायको गेलेला माणूसच असा रडतो. मी काही विचारलं नाही. मलाही लोकांनी विचारलेलं नको होतं. पाणी दिलं.

म्हणजे हा माफिया नव्हे — माफियापासून पळालेला! भावजी, घ्या.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. यांना निदान अग्नी मिळाला, अस्थी कावेरीत गेल्या. रोझाला काय मिळालं?

आपल्यात देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पाओलोला सांगितलं. मग म्हणाला, "गवताची रोझा?" हो, गवताची. "मग ती जाईल?" जाईल म्हटलं. मला काय ठाऊक! पण आपल्या माणसाला निरोप द्यायला मिळाला की रात्री झोप येते, एवढं ठाऊक आहे.

आमच्या भटजींना, उपेंद्राचार्यांना फोन केला. "अक्का, तो ख्रिस्ती!" म्हटलं, मेलेली कुठे तक्रार करणार आहे? "गोत्र?" तुम्हीच सांगा. "सरी, ठीक आहे, माहीत नसेल तिथे काश्यप."

झालं! पाओलो काश्यप गोत्री.

१४ सप्टेंबर, रविवार

श्रीरंगपट्टणला पश्चिमवाहिनीच्या घाटावर जाऊन आलो. न्हावी वस्तरा घेऊन बसलेला. आचार्य म्हणाले, "दाढी उतरवल्याशिवाय विधी नाही." पाओलोनं दाढीला हात लावला. घाटावरची गर्दी पाहिली. माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता उठून जातो. पण बसला. दाढीखालून एकदम कोवळा चेहरा निघाला, हनुवटीवर आडवा व्रण.

आचार्यांनी विचारलं, "मृताचं नाव?" "रोझा." "नातं?" पाओलो बोलेना. त्यांनी पुन्हा विचारलं. मागे दुसरी मंडळी ताटकळलेली, एक आजोबा तर खाकरून खाकरून दमले. शेवटी मीच म्हटलं, "पत्नी, आचार्य, पत्नी! रडू द्या ना त्याला." मंत्र सुरू झाले. दर्भ काय, क्षणात जळून गेला. पाओलो राखेकडे बघत राहिला.

१५ सप्टेंबर, सोमवार

वर आज पाओलो शीळ घालत होता. पहिल्यांदाच. मला यांची फार आठवण आली, पण बरी आठवण.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पोलीस आले. साध्या कपड्यांतले दोघं आणि एक बाई, विद्याश्री. पाओलोला नेलं. बिनदाढीचा पाओलो पाव भाजत असताना कोणा गिऱ्हाइकानं व्हिडिओ काढला, तो पार इटलीपर्यंत पोचला. व्रणावरून ओळखलं म्हणे. म्हणजे मीच पकडून दिलं!

जिन्यात आडवी उभी राहिले. "त्याच्या बायकोला मारलंय त्या लोकांनी! जीव वाचवून आलाय तो!" विद्याश्री म्हणाली, "अम्मा, स्वल्प बाजूला व्हा." पाओलो खाली बघत उतरला.

भावजींचा फोन — "सांगितलं होतं!" मी फोन ठेवला.

२१ सप्टेंबर, रविवार. अमावास्या

विद्याश्री काल येऊन सांगून गेली. रोझा त्याची बहीण. घरातल्यांविरुद्ध पोलिसांकडे बोलली, लपून राहिली. "आई आजारी आहे, जेवायला ये" असा फोन करून यानंच तिला बोलावलं. पुढचंही यानंच केलं, बापासमोर.

आज सकाळी आंघोळ करून तीळ घेतले. बायकांनी पाणी सोडायचं नसतं. सोडलं, रोझाच्या नावानं. नातं विचारायला कोणी नव्हतं.