अडखळलीस की चूक

सोमवार, ता. ४

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघंही ठीक आहोत. आत्याकडे तुला अभ्यासाला वेगळी खोली मिळाली हे वाचून बरं वाटलं. आत्या फार बोलते. या कानाने ऐक, त्या कानाने सोडून दे, पण तिच्यासमोर पुस्तकात तोंड घालून बसू नकोस, तिला राग येतो. लहानपणापासूनच तशी आहे.

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण दुकानात बँडवाल्यांचे बावीस कोट शिवायला आलेत. बावीस माणसं बावीस मापांची, आणि प्रत्येकाला बारीक दिसायचंय. तुझी आई म्हणते, कोट काल आले, पत्र त्याच्या आधीचं आहे. तिच्या जिभेला हाड नाही.

तू लिहितेस की परीक्षेआधी आठ दिवस येऊन राहा, पूर्वीसारखं पुस्तक हातात धरा आणि माझी इंग्रजी शब्दघडण तपासा. बाबा, तुम्ही ‘बरोबर’ म्हणालात की मला धीर येतो. वाचून आनंद झाला. पण यायचं काही जमेलसं वाटत नाही. कोट आहेत. गुडघा दुखतोय. शिवाय आता तुझं तुलाच जमायला हवं. उद्या नर्स झालीस की वॉर्डात काय बाप पुस्तक धरून उभा राहणार आहे? मूळ शब्दाच्या पुढे काय जोडायचं, मागे काय जोडायचं, ते शेवटी आपल्याच डोक्यात बसावं लागतं. फार तर आत्याला सांग पुस्तक धरायला. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे.

गेल्या वेळी सहा गुणांनी प्रवेश हुकला आणि शब्दघडणीत वीसपैकी तीनच मिळाले, ते आता डोक्यातून काढून टाक. वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप आहे, हेही सारखं मनात आणू नकोस. मी आणतोय तेवढं पुरे.

सकाळपासून दोनदा बाही उलटी जोडली. दोनदा उसवली. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. थांबतो.

तुझे बाबा


शुक्रवार, ता. ८

ठकू,

सोमवारचं पत्र फाडून टाक. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. कोट आहेत हे खरं, पण ते महिनाअखेरीस द्यायचेत.

मला इंग्रजी वाचता येत नाही.

लिहिलं एकदाचं. ही ओळ लिहायच्या आधी मी तीन वेळा पाणी पिऊन आलो. तुझी आई दारात उभी राहून बघतेय, मी आता तरी लिहितो की नाही. ती म्हणाली, “आज तुम्ही लिहिलं नाहीत तर मी लिहीन, आणि मी लिहिलेलं तुम्हाला परवडणार नाही.”

तू पहिलीत होतीस. शाळेतून पुस्तक घेऊन आलीस आणि विचारलंस, “बाबा, तुम्हाला येतं?” मी कापड बेतत होतो. मान वर न करता म्हणालो, “येतं की.” एवढंच. पुढे तू वाढत गेलीस आणि ती थापही तुझ्याबरोबर वाढत गेली. तुझ्या प्रगतिपुस्तकावरची माझी सही म्हणजे गिरवून गिरवून पाठ केलेलं चित्र आहे. कॉलरला लेबलं शिवून मोठी अक्षरं ओळखीची झालीत, पण बारीक अक्षरं एका ओळीत आली की मला मुंग्यांची रांग दिसते.

आता तो आपला सकाळचा तास आठव. तू खाली बसून तुरपाई करायचीस आणि तोंडाने शब्द म्हणायचीस. मी मशीनवर पुस्तक टेकवून, हातात पेन्सिल घेऊन बसायचो. पान कधी उलटायचं ते मला कसं कळायचं? तूच सांगायचीस. आणि बरोबर की चूक? तुझ्या आवाजावरून. अडखळलीस की चूक, मी म्हणायचो, “पुन्हा सांग.” धडाधड म्हणालीस की बरोबर, पेन्सिलीची खूण. कापडवाला कुठे अडखळतो त्यावरून मी मालातली खोट ओळखत आलोय, मला वाटलं हेही तसंच असेल. पण तू धीट पोर. चुकीचंसुद्धा असं ठणकावून म्हणायचीस की कुणालाही खरं वाटावं. ‘पॉसिबल’च्या पुढे तू तीन महिने ‘इम’ऐवजी ‘अन’ लावत होतीस, आणि मी तीन महिने खूण करत होतो.

तुझ्या आईने तेव्हा एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “अहो, पोरीचं नुकसान होईल.” मी म्हणालो, “तू तुझं काम बघ.” ती गप्प बसली. ते मला फार लागतं.

त्याहून लागतं ते निकालाच्या दिवसाचं. तू म्हणालीस, “पण बाबा, सगळं तर तुम्ही तपासलं होतं!” तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, “पेपर तपासणारा गाढव असेल, नाहीतर तुझ्या बाईंनीच चुकीचं शिकवलं.” तू माझ्या शब्दावर क्लासमध्ये गेलीस, बाईंना सगळ्यांदेखत नाही नाही ते बोललीस, आणि त्यांनी तुला दार दाखवलं. इथे दुसरा क्लास नाही, म्हणून घर सोडून तुला आत्याकडे जावं लागलं, तेही माझ्यामुळे. गाढव कोण होतं ते आता तुला कळलं.

परवा तुझं जुनं पुस्तक घेऊन बाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ते पुस्तक माझ्यासमोर उघडलं आणि एकेक खूण दाखवत गेल्या. ‘पॉसिबल’चं तिथेच कळलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, “मुलगी हुशार आहे तुमची. मला वाटत होतं तिने पुस्तक उघडलंच नाही.” मग विचारलं, “तिला तुम्ही सांगणार की मी?”

“मी सांगतो,” म्हणालो.

“मग उद्यापासून चारच्या वर्गाला येऊन बसा.”

“या वयात, बाई?”

“वय तिचं संपत आलंय, तुमचं नाही.”

कालपासून जातोय. शेवटचा बाक. मुली हसल्या, हसू देत. 

पुस्तकातल्या माझ्या सगळ्या खुणा खोट्या आहेत. बाईंनी तुझ्यासाठी नवीन पुस्तक दिलंय, सोबत पाठवतो. तसंच एक मीही घेतलंय. तेवीस दिवस आहेत, पहिल्यापासून सुरू कर. माझ्यावर रागाव, बोलू नकोस, तुझा हक्क आहे. फक्त तो राग अभ्यासावर काढू नकोस.

बाबा


मंगळवार, ता. १९

ठकू,

आठ दिवस तुझं काही आलं नाही. मी पोस्टमनला इतक्या वेळा विचारलं की तो आता आपल्या गल्लीतून सायकल जोरात हाणतो. तुझ्या आईशी दोनदा भांडलो, बँडवाल्यांच्या म्होरक्याशी एकदा. वर्ग मात्र चुकवला नाही.

शनिवारी पाकीट आलं. उघडलं तर पत्र नाही. नुसते चार कागद, आणि त्यांवर तुझ्या अक्षरात पन्नास शब्द, पुढे-मागे जोडून केलेले. तुझी आई म्हणाली, “पोरीने एक ओळसुद्धा लिहिली नाही हो.” मी म्हणालो, “पन्नास लिहिल्यात.”

कागद बाईंकडे नेले. त्यांनी हात लावला नाही. म्हणाल्या, “पाकिटावर नाव कुणाचं आहे? तपासा.”

तीन दिवस लागले. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं आहेत, त्या ओळीखाली पट्टी धरायची, तुझ्या शब्दाखाली बोट धरायचं आणि एकेक अक्षर जुळवत जायचं. एका शब्दाला मी आधी फुली मारली, मग दिसलं की मी भलत्याच ओळीवर होतो. ती फुली खोडलीय, ती धरू नकोस. अर्थ सगळ्यांचे कळले असं म्हणणार नाही. वीस-बावीस कळले. बाकीचे नुसते जुळवले, पण नीट जुळवले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तुझी आई म्हणाली, आता उद्या करा. ते पाणी वाचण्याचं होतं असं तिला वाटलं.

एकोणचाळीस बरोबर आहेत. अकरा चुका आहेत.

पहिली फुली मारताना हात अडला. इतकी वर्षं तुला ‘बरोबर’ म्हणायची सवय, आणि तू एवढ्या झोकात लिहिलंयस की वाटलं, सोडून द्यावं, एका शब्दाने काय होतं? मग मारली. अकराच्या अकरा मारल्या. अकरापैकी सात ठिकाणी शेवटचं जोडताना घाई केलीस, तेवढं बघ.

बारा दिवस उरले. ‘या’ म्हणालीस तर उद्या निघतो, कोट गेले उडत. ‘या’ म्हणाली नाहीस तर पुढचे पन्नास पाठव.

तुला पहिल्यांदाच वाचून ‘चूक’ म्हणणारा,
तुझा बाप