माझी आवडती जागा

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

मयुरीनं आज प्रतीक्षाच्या डोक्यात पाटी घातली. रक्त आलं! पाच वर्षांची एवढीशी पोर – आणि पाटी अशी दोन्ही हातांनी उचलून घातली की आमच्या मदतनीस जनकाबाईंच्या हातून खिचडीचा डावच पडला.

आणि मी तेव्हा काय करत होते? प्रेमाचं पुस्तक वाचत होते! अंगणवाडीला वरून चित्रांची चार पुस्तकं आली आहेत. आपण जसे आहोत तसे छान आहोत, आपण सगळ्यांचे आहोत, असं मुलांना वाटावं म्हणून. त्यात एका शिंगाचं वासरू आहे. ते दारोदार विचारत फिरतं – मी कोणाचं? सगळे म्हणतात – तू आमचं. शेवटच्या पानाला मुलांनी शेजारच्याचा हात धरून तसंच म्हणायचं. प्रतीक्षानं हात झटकला. म्हणाली, "तू आमची नाहीस. तुह्या घरी रोज बोंबाबोंब असते. आई म्हणते तिच्याजवळ बसू नोको." झालं! पाटी.

माझं डोकं फिरलं. हात उगारला. पोरगी रडली नाही, पळाली नाही. दोन्ही कोपरं वर, डोकं आत, गुडघे पोटाशी – डोळ्याचं पातं लवायच्या आत. एकोणीस वर्षं अंगणवाडीत काढली, मार चुकवणारी मुलं खूप पाहिली. ही चुकवत नव्हती. मार कसा खायचा ते हिला येत होतं. माझा हात वरच राहिला.

प्रतीक्षाच्या जखमेत हळद भरली. तिची आई येऊन मला वाट्टेल ते बोलून गेली. बोलू दे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

जनकाबाईंच्या आणि मयुरीच्या घरांची भिंत एकच. भांडी घासता घासता सांगत होत्या – "रोजचंच हाय बाई. मयुरीचा बाप गजेंद्र तिच्या मायले, दीपमालाले मारते. पयले पिऊन मारे, आता बिनपेताच मारते."

म्हटलं, तुम्ही काही बोलत नाही?

"बोलली होती एक डाव. त्यानं माह्या कोंबडीची मुंडी मुरगाळली अन् आंगणात फेकली. म्हणे, समजलं?"

घरी आल्यावर आमच्या यांना सांगितलं. "दुसऱ्याच्या घरात तू कायले डोकं घालतं?" नजर टीव्हीवरच! टीव्हीत वरवंटा घालावासा वाटला मला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आजपासून मुलांची स्वतःची पुस्तकं. चार्ट पेपर दुमडून, दाभणानं शिवून. प्रशिक्षणात सांगितलं आहे – चित्र मुलानं काढायचं, आणि ते जे बोलेल ते बाईनं खाली लिहायचं. जसंच्या तसं. सुधारायचं नाही, गाळायचं नाही.

पहिलं पान – 'मी'. मयुरीनं काळा खडू घेऊन घासला, घासला, कागद फाटेपर्यंत घासला. हे कोण गं? "मी."

म्हटलं, म्हण बरं – मी छान आहे.

"काऊन?"

वासराच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. प्रशिक्षणातही कोणी सांगितलं नाही. शेवटी म्हणाले, "आहेस म्हणून." तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "बरं."

शनिवार, १५ नोव्हेंबर

आजचं पान – 'माझी आवडती जागा'. कोणाचा मळा, कोणाचा ट्रॅक्टर, कोणाच्या आजीची मांडी. एकानं तर सरपंचाची गाडी काढली! मयुरीनं पलंग काढला. पलंगाखाली एक ठिपका. तिनं सांगितलं ते मी लिहिलं – "मी पलंगाखाली असते. बाबा आईले पट्ट्यानं मारते. आई माह्याकडं पाह्यत नाही, म्हणून मी बाबाले दिसत नाही. तिथं मी छान असते."

मार खाताना बाई लेकीकडं बघत नाही – बघितलं तर त्यालाही कळेल, पोर कुठं आहे! हे मी कोणाला सांगू? सोमवारी कार्यालयातल्या मॅडमना सांगायचंच. भेटूनच. फोनवर नाही.

तेवढ्यात दीड वाजता मॅडमचाच फोन. "तुमच्या एकट्याच केंद्राचे फोटो राहिलेत. ॲप चालत नसेल तर ग्रुपवर टाका, पण टाका!" सतराही पानं मुलांच्या नावांसकट जमिनीवर मांडली, भराभरा फोटो काढले. कार्यालयाच्या ग्रुपवर टाकले, पालकांच्या ग्रुपवर टाकले, दर शनिवारसारखे. आयाबापांचे अंगठ्यावर अंगठे आले. मग कापूस वेचायला गेले. वावरातली शेवटची ओळ अंधार पडेपर्यंत उरकली. कंबर गेली.

रविवार, १६ नोव्हेंबर

मी मारलं तिला. मी! माझ्या या दोन हातांनी!

पालकांच्या ग्रुपवर गजेंद्र आहे. माझ्या डोक्यात आलंच नाही. दर शनिवारी टाकते म्हणून टाकले. सकाळी पानठेल्यावर कोणीतरी ते पान मोठ्यानं वाचलं, सगळ्यांसमोर. हसले म्हणे. "काय बे गजेंद्र, लय पट्टा चालते तुहा!" तो सरळ घरी गेला.

जनकाबाईंनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. आधी पलंग उलटा फेकला त्यानं. मयुरी उघडी पडली. दीपमाला तिच्यावर पालथी पडली आणि उठलीच नाही. पट्टा तुटला तर पलंगाचा पाय घेतला. हात दोन ठिकाणी मोडला. गाल फुटला. दोन दात गेले. मयुरीला खरचटलंसुद्धा नाही. आईच्या खाली होती ना.

खामगावला नेलं आहे.

फोटो काढून टाकले ग्रुपवरून. एकसष्ट जणांचे बघून झाले होते. सगळ्यांना कळेल असं लिहिलं होतं मी, चांगल्या अक्षरात.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दवाखान्यात गेले. दीपमालाचं तोंड ओळखू येत नाही. उशाशी गीताबाई, गजेंद्रची आई. काही विचारलं की सुनेच्या आधी सासूच बोलते. मयुरी खाटेखाली बसली आहे. बाहेर येत नाही. बिस्किट दिलं, आतूनच हात काढून घेतलं.

पोलीस जबाब घेऊन गेले. दीपमालानं सांगितलं – जिन्यावरून पडले. गीताबाई म्हणाल्या, "हाव, माह्यासमोरच पडली." मी ओरडले – अहो, त्या घराला जिना कुठं आहे? पत्र्याचं घर! तो शिपाई म्हणतो, "ताई, बाई स्वतःच सांगून राह्यली नं. मंग आमी काय लिहावं?"

गीताबाई पाण्याला गेल्या तेव्हा दीपमालानं माझं मनगट धरलं. चांगल्या हातानं. "ताई, तुमी लिवलं काऊन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, खरं सांग त्यांना. सुलतानपूरला तुझा भाऊ आहे, मी स्वतः सोडते.

"मी बोलली तं तो पोट्टी ठेवून घेते. त्यानं तसं सांगतलं हाय. तिले तिथं एकटी ठेवू?"

शनिवारी सुट्टी देणार. गजेंद्र न्यायला येणार, दोघींना. त्याच घरात. चार दिवस हातात आहेत आणि बोलायला कोणी नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज तो अंगणवाडीत आला. हातात बैलगाडीची उभारी, जाड लाकडी दांडा. सोळा मुलं जेवायला बसली होती.

पहिला घाव वजनकाट्यावर. मग फळा. मग पुस्तकं – एकेक उचलून मधोमध फाडलं. वासरू फाडलं आणि खिचडीच्या पातेल्यात कोंबलं. मुलांची शिवलेली पुस्तकं पायाखाली. "लिवते का? अजून लिवते का? ये, लिव!" मुलं किंचाळत होती. जनकाबाईंनी त्यांना कोठीच्या खोलीत लोटलं आणि दाराला पाठ लावून बसल्या.

मग माझे केस धरले. भिंतीवर डोकं आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्याचा अंगठा माझ्या तोंडाशी आला आणि मी चावले. हाडापर्यंत चावले. तो गुरासारखा ओरडला. बुक्क्या घालत होता, तरी सोडला नाही. तोंडात रक्त आलं – त्याचं. इथं खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. खूप बरं वाटलं!

आरडाओरडा ऐकून वेचणीच्या बाया धावल्या, तेव्हा तो निघाला. फाटकातून म्हणाला, "शनिवारी नेतो दोघीले. पाह्यतो कोण आडवं येते!"

डोक्याला सहा टाके. यांनी टीव्ही बंद केला आज.

बुधवार, १९ नोव्हेंबर

ठाण्यात गेलो. हे बरोबर आले, बाहेर बाकावर बसून राहिले. मला मारल्याची तक्रार घेतली. गजेंद्रला बोलावलं, नोटीस दिली, संध्याकाळी सोडला. म्हटलं, आणि त्याच्या बायकोचं काय?

साहेब म्हणाले, "ती पडली म्हणते. सासू पडली म्हणते. पोर पाच वर्षांची. शेजारणीनं ऐकलं, पाहिलं नाही. पाहिलेला माणूस आणा, लगेच धरतो."

पाहिलेला माणूस! घरात होतं कोण? तो, ती, पोर. आणि गीताबाई.

गुरुवार, २० नोव्हेंबर

गजेंद्रचे दोन्ही हात कोपरापासून तोडायचे. विळीवर. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चारच मुलं आली. फाटलेली पानं चिकटवत बसली. वासराचं शिंग सापडलं नाही.

दुपारी दवाखान्यात. गीताबाईंना व्हरांड्यात ओढून आणलं. म्हटलं, उद्या त्या दोघींना तुम्ही मसणात नेणार आहात. जिवंतपणी. तुम्ही पाहिलं आहे. सांगा!

"माहा एकच पोरगा हाय, बाई."

"आणि ती एकच सून!"

"सून दुसरी भेटते." असंच म्हणाल्या! पुढं म्हणाल्या, "त्याच्या बापानं मले वीस वर्षं हाणलं. तवा कोण आलतं? तू आलती? मेली का मी?"

मी थोबाडीत मारली. पासष्ट वर्षांच्या बाईच्या.

त्यांनी पदर नीट केला. "झालं का समाधान?" एवढं म्हणून आत गेल्या.

मी बाहेर बसून राहिले. हात झोंबत होता. मुलांना शिकवते – कोणीच मार खायला जन्मलेलं नाही. शिकवते मी! लाज वाटली, आणि राग काही केल्या गेला नाही. उद्या अकरा वाजता सुट्टी. मी फाटकात आडवी पडणार आहे. दुसरं काय करू, मला माहीत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

गजेंद्रला दवाखान्याच्या फाटकातच धरलं. माझ्यामुळं नाही.

गीताबाई सकाळच्या पहिल्या एसटीनं एकट्याच ठाण्यात गेल्या होत्या. साहेबांनी विचारलं, तुम्ही पाहिलं का? म्हणाल्या, "पाह्यलं नाही. भायेरून कडी मीच लावली होती. दर डाव मीच लावतो, आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून. पयले माहं नाव लिहा, साहेब. मंग पोराचं."