कमरेला जाणवत नाही

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पिस्तूल आलं. लायलच्या बंदुकांच्या दुकानातून स्वतः जाऊन आणलं. त्याने खोका उघडल्यावर दुकानातली दोन माणसं कारण नसताना जवळ येऊन उभी राहिली. फार भारी चीज आहे. किंमत इथे लिहीत नाही. ही वही बायकोच्या, ग्लेंडाच्या, हाती लागायची. ग्लेंडा घरी नसते हे खरं, पण काळजी घेतलेली बरी.

तीस वर्षं राज्य सरकारचा वजनमापं निरीक्षक होतो. पेट्रोल पंप, धान्याचे काटे, खाटकांचे तराजू. एखाद्या वस्तूची तपासणी कशी करायची हे मला कुणी शिकवायला नको. महिनाभर हे पिस्तूल रोज कमरेला लावायचं, रोज मार्क द्यायचे, शेवटी पक्का अहवाल लिहायचा. लायल म्हणाला, लिही गड्या, दुकानाच्या भिंतीवर लावू. पाचशे गोळ्या झाडून बघायच्या, हेही ठरलं.

उद्यापासून शिस्त.

४ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, पँटच्या आत अडकवलं, वरून शर्ट सोडला. आरशात बघितलं. काही दिसत नाही. बाजूने बघितलं. पोट दिसतं.

आराम: दहापैकी चार. बसलं की मूठ बरगडीत घुसते. डावीकडे कलून बसलं की बरं वाटतं.

झोपताना काय करायचं, हा प्रश्नच आला नाही. ग्लेंडा गेल्यापासून मी दिवाणखान्यातल्या खुर्चीतच झोपतो, कपड्यांसकट. पलंगावर चादरी वगैरे नीट करत बसावं लागतं. म्हणजे तपासणी चोवीस तास. असं इतक्या बारकाईने कुणी केलं नसेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार
नवा नियम. एकदा पिस्तूल होल्स्टरमध्ये गेलं की उगाच हात लावायचा नाही, काढून बघायचं नाही. अपघात होतात ते चाळा करणाऱ्यांच्या हातून.

ग्लेंडाचं मत वेगळं आहे. जुलैमधला तो ब्रेडच्या डब्याचा प्रकार ती अजून धरून बसली आहे. जुनं पिस्तूल मी घाईत ब्रेडच्या डब्यात ठेवलं होतं. मेसीने, म्हणजे आमच्या चार वर्षांच्या नातीने, टोस्टसाठी डबा उघडला. झालं काहीच नाही. पिस्तूल भरलेलंसुद्धा नव्हतं. बहुतेक.

त्यानंतर महिन्याभरात ग्लेंडाच्या बहिणीचं, नोरीनचं, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि ग्लेंडा तिच्या मदतीला गेली. वीस मैलांवर. आमची मुलगी टिना हॉस्पिटलात रात्रपाळी करते, म्हणून मेसी आजीकडे असते. आजी तिकडे, तर नातही तिकडे. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. गुडघा सावकाश भरतोय, एवढंच.

९ ऑक्टोबर, गुरुवार
नेमबाजीच्या मैदानावर गेलो. पन्नास गोळ्या झाडल्या. चाप लोण्यासारखा. निशाण उत्तम. कानाला आवाज अडवणारे मफ होते, त्यामुळे सगळं लांबून कुठून तरी चाललंय असं वाटत होतं. शेजारच्या खणातला माणूस म्हणाला, झकास आहे हो, कसं वाटतंय? मी विचार केला. काहीच वाटत नव्हतं. चांगलं वाटतंय म्हणालो.

उरलेल्या साडेचारशे गोळ्या पुढच्या आठवड्यात.

१२ ऑक्टोबर, रविवार
चर्चला पिस्तुलासकट. कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रवचनाच्या वेळी मुद्दाम दोनदा उठून पाणी प्यायला गेलो. तरी नाही. दारात पास्टरने हात मिळवला, ग्लेंडा कशी आहे विचारलं. म्हटलं, गुडघा भरतोय. ते म्हणाले, ग्लेंडाचा? मी म्हटलं, नोरीनचा. ते म्हणाले, नोरीन तर परवा बेक सेलला केक उचलून गाडीत ठेवत होती. मनात म्हटलं, केकचं काय एवढं वजन असतं.

लपवणूक: दहापैकी नऊ. लपवायचंच असतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही हे चांगलंच. तरी इतकी माणसं ओळखीची, एकालाही माझ्यात काही फरक दिसू नये, याचं थोडं नवल वाटलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार
कॅफेत नेहमीच्या जागी. डार्लाने न मागता बिस्किटं आणि ग्रेव्ही आणली. गेली बारा वर्षं तीच वाढते. म्हणाली, डेल, कंबर धरलीय का? वाकडा बसतोस हल्ली. म्हटलं, नाही. म्हणाली, माझ्या नवऱ्याची पण अशीच धरली होती, शेकायची पिशवी आणून देते. इतकं भारी पिस्तूल आणि त्याची शेकायची पिशवी झाली.

तिथेच एक अडचण कळली, जी कुठल्याही माहितीपत्रकात नाही. संडासात बसताना पँट खाली येते आणि पिस्तुलाच्या वजनाने थेट जमिनीवर टेकते. इथल्या दारांना खाली वीतभर फट. शेजारच्या खणातून कुणीतरी म्हणालं, साहेब, तुमचं ते आत घ्या जरा. मी बुटाने आत ओढलं.

उपाय काढला. बसण्याआधी पिस्तूल काढून मागच्या टाकीवर ठेवायचं. नियमाला एवढा एकच अपवाद. साधं आणि सुरक्षित. अहवालात याला वेगळा परिच्छेद.

१८ ऑक्टोबर, शनिवार
लायलला उपाय सांगितला. तो हसला. म्हणाला, तू पहिला नाहीस गड्या. सगळे टाकीवरच ठेवतात आणि सगळे तिथेच विसरतात. शेरीफच्या ऑफिसात एक कपाट आहे नुसतं त्यांचं. बाथरूमची पिस्तुलं म्हणतात त्यांना.

असतील. वेंधळी माणसं जगात असतातच. मी तीस वर्षांत एक शिक्कासुद्धा कुठे विसरलो नाही.

लायलने विचारलं, किती गोळ्या झाल्या? म्हटलं, चालू आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार
ग्लेंडाचा फोन. गुरुवारी जेवायला ये म्हणाली. नोरीनकडे. पॉट रोस्ट करतेय. मेसी तुझी आठवण काढते, म्हणाली. मग म्हणाली, आपण बोलूही, पुढचं काय ते. तिच्या आवाजावरून मला कळलं की तिने परत यायचं ठरवलंय. अडतीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं.

मग म्हणाली, डेल, एकच. कमरेला काही न लावता ये. या घरात नको. शब्द दे.

शब्द दिला.

फोन ठेवल्यावर विचार केला. तिला पिस्तूल दिसायला नको आहे. म्हणजे दिसलं नाही की झालं. आणि खरं बघता लपवणुकीची याहून कडक परीक्षा कुठली? ग्लेंडाला मी शर्टाचं वरचं बटण चुकीचं लावलं तरी खोलीच्या त्या टोकावरून दिसतं. तिच्या नजरेतून जे सुटलं ते कुणाच्याही नजरेतून सुटेल.

आणि वीस मैलांचा रस्ता. एकट्या माणसाने नि:शस्त्र जायचं म्हणजे कमाल आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, नोरीनकडून आल्यावर
परीक्षा पास. दहापैकी दहा.

दारात ग्लेंडाने मिठी मारली. मी उजवी बाजू मागे ठेवली. तिने हळूच पाठीवरून हात फिरवला. माझ्या लक्षात आलं की ती तपासतेय, पण होल्स्टर पुढच्या बाजूला होतं. तिला बरं वाटलेलं दिसलं. केस कापलेस, म्हणाली. एवढ्या महिन्यात कुणाच्या तरी काही लक्षात आलं.

पॉट रोस्ट छान. नोरीन दोनदा धुण्याची टोपली घेऊन जिना चढली. गुडघ्याची प्रगती उत्तम. मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, डेल्बर्ट, माझा गुडघा सप्टेंबरातच बरा झाला.  मी बटाटे वाढून घेतले.

मेसीने तिच्या खोलीतली सगळी चित्रं आणून दाखवली. एका चित्रात मी होतो. मी कुठे उभा आहे असं तिला विचारलं, तर म्हणाली, तुमच्या घरी. चित्रात बाकी कुणी नव्हतं.

मध्येच वर बाथरूममध्ये जावं लागलं. टाकीवर नोरीनने विणलेली बाहुली असते, घेराच्या झग्याखाली जादा कागदाचं भेंडोळं. बाहुली सरकवून शेजारी जागा केली. उपाय इथेही बिनचूक लागू पडला.

कॉफीच्या वेळी ग्लेंडा म्हणाली, मला तुझ्यावर भरवसा ठेवायचाय डेल, दुसरं काही नको. आज आलास ना, तसाच येत जा. मग बघू. थँक्सगिव्हिंगचा सण आपल्याच घरी करू कदाचित. टिनालाही सांगते. तिने माझ्या हातावर हात ठेवला होता. मला काहीतरी वाटलं. नक्की काय ते सांगता येणार नाही, सवय राहिली नाही. पण वाटलं.

येताना गाडीत कित्येक दिवसांनी रेडिओ लावला. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतोय.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
आज चमत्कार. दिवसभर पिस्तूल कमरेला आहे हेच विसरलो. कॅफे, हार्डवेअरचं दुकान, बँक, सगळीकडे. सरळ बसलो. डार्ला म्हणाली, बघ, शेकून बरं वाटलं की नाही. शरीराला सवय व्हायला तीन आठवडे लागतात, हा निष्कर्ष अहवालात ठळक घालायचा. जणू कमरेला काहीच नाही. पॉट रोस्टने पोट धरलंय, त्यामुळे टाकीवर ठेवायचीही वेळ आली नाही.

आराम: दहापैकी दहा.

दुपारी ग्लेंडाचा फोन. आवाज बारीक. विचारलं, डेल, तुझं काही हरवलंय का? मी म्हटलं, हरवलं म्हणशील तर तू.

असं बोलायला मला जमेल असं वाटलं नव्हतं. आपोआप आलं.  ती म्हणाली, उद्या येते मी.

हार्डवेअरच्या दुकानात परत गेलो. स्वयंपाकघराच्या फरशीचे तीन नमुने आणले. अकरा वर्षं नवी फरशी मागतेय ती. फरशीचे पैसे सध्या कमरेला आहेत, पण नमुने फुकट मिळतात.

२५ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ
पलंगावर नव्या चादरी घातल्या. ब्रेडचा डबा आतून पुसला, उघडा ठेवला, तिला दिसावा म्हणून. फरशीचे नमुने ओट्यावर मांडले. दाढी केली. शर्ट तिच्या आवडीचा, निळा. पँट कालचीच, होल्स्टरसकट. आजच्या दिवशी काढून ठेवावं असं मनात आलं होतं, पण इतकं हलकं बसलंय की तिला कळणारच नाही.

गाडी वाजली.

२५ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळ
ती कॅसरोलचं भांडं घेऊन आली. वर टॉवेल. दोन्ही हातांनी धरलं होतं. मी म्हटलं, ट्यूना?  तिने भांडं ओट्यावर फरशीच्या नमुन्यांशेजारी ठेवलं आणि टॉवेल काढला.

मी कमरेला हात लावला. होल्स्टर होतं, रिकामं.

ग्लेंडा उभ्यानेच बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, तू गेल्यावर मेसी जिन्यावरून खाली आली. म्हणाली, आजी, आजोबांचं ते बाहुलीजवळ राहिलंय. मी हात नाही लावला. तू सांगितलं होतंस ना, हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. म्हणून सांगायला आले. ग्लेंडा म्हणाली, तिला शाबासकी हवी होती रे. मी दिली. बिस्किट दिलं. मग बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसले.

मी म्हटलं, सेफ्टी लावलेली होती.

ती म्हणाली, एका चार वर्षांच्या पोरीने शब्द पाळला, डेल.

 मी फरशीचे नमुने सारखे केले. तिने ते बघितले, मधल्यावर बोट ठेवलं, हाच घेतला असता मी, म्हणाली. मग वर गेली. थंडीचा कोट, बूट आणि शिवणयंत्र काढलं. नव्या चादरी तिला दिसल्या असतील. 

शिवणयंत्र मीच खाली आणलं, गाडीत ठेवलं. जुनं लोखंडी धूड. मला हातात धरल्यावर वजन सांगता येतं, तीस वर्षं तेच केलं. सत्तावीस, अठ्ठावीस पौंड असेल. दारापर्यंत पोचेतो हात भरून आले. गाडीत ठेवल्यावरही बराच वेळ जाणवत होतं.

मी विचारलं, थँक्सगिव्हिंग? ती म्हणाली, टिना म्हणते, या वर्षी आम्ही तिकडेच करू. मी म्हटलं, मी काही न लावता येईन. तपासून बघ दारात. ती म्हणाली, तपासलं होतं मी. परवा दारात तपासलंच होतं. आणि तिला रडू आलं. मी अंगणात उभा होतो. मला वाटत होतं की मलाही यावं. आलं नाही.

गाडी सुरू झाल्यावर आठवलं. खिडकीशी जाऊन म्हटलं, भांडं राहिलं. रिकामं करून, धुऊन आणून देतो नोरीनकडे. उद्याच आणतो.

ती म्हणाली, नको. नोरीन म्हणते, ते भांडं तिला आता परत नको. ठेव तुला.

२६ ऑक्टोबर, रविवार
चर्चला गेलो नाही. भांडं धुतलं. पिस्तूल खोक्यात घालून लायलकडे परत नेलं. त्याचं दुकान रविवारी बंद असतं. घेऊन आलो.

अहवाल पूर्ण केला. लपवणूक दहापैकी दहा. आराम दहापैकी दहा. दोन्ही मार्क खोडायला घेतले होते. पण तपासणीच्या वेळी जे जाणवलं तेच लिहायचं असतं, आणि मला काही जाणवलं नव्हतं.

कमरेला काही नाही. तरी सवयीने डावीकडे कलतोय.